बुडापेस्ट ते ब्लूमिंग्टन : यानोश स्टार्कर यांची चेलोविद्या

वादकांची चरित्रे लिहिण्याची एक ठरलेली रीत आहे. बालपणीची प्रतिभा, पहिली मैफल, कीर्ती, दौरे, ध्वनिमुद्रणे असा क्रम लागतो आणि अध्यापनाचा भाग बहुधा शेवटच्या प्रकरणात, उतारवयातील उद्योग म्हणून, दोन परिच्छेदांत उरकला जातो. विसाव्या शतकातील थोर चेलोवादक यानोश स्टार्कर यांना या साच्यात बसवू गेल्यास साचाच मोडतो. त्यांनी शिकवायला आरंभ केला तो वयाच्या आठव्या वर्षी. आणि २८ एप्रिल २०१३ रोजी, वयाच्या ८८ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले तेव्हा अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाशी त्यांचा संबंध जडून पंचावन्न वर्षे होत आली होती. मधल्या काळात त्यांनी जगभर मैफली केल्या, दीडशेहून अधिक ध्वनिमुद्रणे केली. तरीही शिकवल्यावाचून आपल्याला वाजवता येत नाही आणि वाजवल्यावाचून शिकवता येत नाही, असे ते सांगत असत. हे उद्गार निव्वळ शिक्षकी पेशाच्या गौरवासाठी काढलेले नाहीत. त्यांच्यामागे एका तरुण वादकाला पार हादरवून टाकणारा अनुभव आहे. तो अनुभव कोणता, आणि त्यातून पुढे काय निपजले, हे पाहण्याचा या लेखाचा हेतू आहे.

चेलो हे वाद्य आपल्याकडे एकल असे फारसे ऐकले जात नाही. हिंदी चित्रपटगीतांच्या वाद्यवृंदांत मात्र त्याचा खालच्या सप्तकातला भरदार स्वर आपण कित्येक दशके ऐकत आलो आहोत. त्या वाद्यवृंदांत गोमंतकीय वादकांचा भरणा किती मोठा होता, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. हे वाद्य व्हायोलिनच्याच कुळातले, पण आकाराने इतके मोठे की ते खुर्चीवर बसून, गुडघ्यांमध्ये धरून, खालची सळई जमिनीला टेकवून वाजवावे लागते. चार तारा, पडदे नाहीत, आणि तारेची लांबी व्हायोलिनच्या सुमारे दुप्पट. त्यामुळे डाव्या हाताला एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना लांबचे अंतर अंदाजाने, पण अचूक कापावे लागते. उजव्या हातातल्या गजाला जाड तारा बोलत्या करायच्या असतात. शरीराचा विचार न करता हे वाद्य वाजवणारा कधी ना कधी अडतोच. पुढे जे सांगायचे आहे त्याचे मूळ या साध्या गोष्टीत आहे.

स्टार्कर ज्या परंपरेत वाढले तिचा आरंभ १८८६ सालचा धरावा लागतो. त्या वर्षी फ्रान्झ लिस्टच्या नावाशी जोडलेल्या बुडापेस्टच्या संगीत अकादमीत डेव्हिड पॉपर हे चेलोचे अध्यापक झाले. मूळचे ते प्रागच्या ज्यू वस्तीतले. त्यांचे वडील प्रार्थनामंदिरात गाणारे. बुडापेस्टला आल्यावर व्हायोलिनवादक येनो हुबाय यांच्याबरोबर त्यांची जोडी जमली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात ब्राम्सच्या पियानो त्रयीचा, म्हणजे पियानो, व्हायोलिन आणि चेलो यांच्यासाठी रचलेल्या तिसऱ्या कृतीचा, पहिला जाहीर प्रयोग स्वतः ब्राम्स, हुबाय आणि पॉपर या तिघांनी बुडापेस्टमध्ये केला. योगायोग असा की याच १८८६ साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने बडोद्यात मौलाबक्ष यांची गायनशाळा उभी राहिली. दोहोंचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. तथापि गुरूच्या घरातली विद्या वर्गात आणता येईल काय, हा प्रश्न त्या काळी किती ठिकाणी एकाच वेळी विचारला जात होता, हे त्यावरून लक्षात येते.

पॉपर यांनी या प्रश्नाला दिलेले उत्तर आजही चेलो शिकणाऱ्या प्रत्येकाच्या स्टँडवर असते. विसाव्या शतकाच्या प्रारंभी त्यांनी चाळीस अभ्यासरचनांचा संग्रह प्रसिद्ध केला. ह्या केवळ बोटे पळवण्याच्या तालमी नव्हेत. वाग्नरोत्तर काळातील संगीतात स्वरमेळ अर्ध्या-अर्ध्या स्वराने सरकू लागले होते, आणि जुन्या पद्धतीच्या सरावावर वाढलेला चेलोवादक त्यांत गोंधळून जाई. त्याच्या डाव्या हाताला नवी वळणे लावण्यासाठी पॉपर यांनी ही योजना केली. १९१३ मध्ये ते वारले. त्यांचे शिष्य आणि साहाय्यक आडोल्फ शिफर यांनी वर्ग पुढे चालवला. शिफर मैफलींचे वादक म्हणून गाजले नाहीत. आमच्या मते हीच बाब ध्यानात घेण्यासारखी आहे, कारण पॉपर आणि स्टार्कर या दोन मोठ्या नावांमधला दुवा एक असा माणूस आहे की ज्याने आपली सारी गुणवत्ता विद्यार्थ्यांत ओतली. परंपरा अशा माणसांवर तगतात, आणि त्यांची चरित्रे कोणी लिहीत नाही.

यानोशचा जन्म ५ जुलै १९२४ चा, बुडापेस्टचा. वडील शिंपीकाम करणारे, मूळचे पोलिश, आई युक्रेनकडची, दोघेही ज्यू. थोरले दोघे भाऊ, तिबोर आणि एदे, व्हायोलिन वाजवत. तिसऱ्यालाही तेच देण्यापेक्षा सहा वर्षे पुरी होण्याआधीच त्याच्या हाती चेलो दिला गेला. सहाव्या-सातव्या वर्षी तो लोकांसमोर वाजवू लागला, शिफर यांच्या वर्गात दाखल झाला, आणि आठव्या वर्षी स्वतःच दुसऱ्या मुलांना शिकवू लागला. बाराव्या वर्षी त्याच्याकडे पाच विद्यार्थी होते. चौदाव्या वर्षी एका मैफलीचा ठरलेला वादक ऐनवेळी येऊ शकला नाही म्हणून, केवळ तीन तासांच्या पूर्वसूचनेवर, त्याने ड्वोर्झाकचा चेलो कॉन्चेर्टो वाद्यवृंदासह वाजवला. असामान्य बालकांच्या कथांत असे प्रसंग नेहमीच असतात. शिकवण्याची हकीकत मात्र तशी सर्रास आढळत नाही. आठ वर्षांच्या मुलाला दुसऱ्याला काय सांगता येत असेल? बहुधा हेच की ‘असे धर, असे ओढ’. पण तेवढे सांगण्यासाठीही आपण काय करतो हे पाहावे लागते, आणि ही सवय त्याला लागली ती फार लवकर.

त्या काळातली बुडापेस्टची अकादमी म्हणजे एक आश्चर्यच होते. बेला बार्तोक, झोल्तान कोदाय, एर्नो दोहनान्यी ही मंडळी त्या परिसरात वावरत होती. स्टार्कर यांच्यावर सर्वांत खोल संस्कार केला तो लिओ वाइनर यांनी. वाइनर चेंबर संगीत शिकवत. म्हणजे चार-दोन वादकांनी संचालकाविना, एकमेकांना ऐकत वाजवण्याची कला. प्रत्येक स्वर आधीच्या स्वरातून का येतो आणि पुढच्याकडे कसा जातो, हे कळेपर्यंत ते विद्यार्थ्याला पुढे जाऊ देत नसत. पुढे जगप्रसिद्ध झालेले वृंदसंचालक गेओर्ग शोल्टी आणि अंतल दोराती हे वाइनर यांचेच विद्यार्थी. या नात्यांचा धागा वाचकांनी लक्षात ठेवावा; तो पुढे कामी येणार आहे.

१९३८ पासून हंगेरीत ज्यूंविरुद्ध एकामागून एक कायदे झाले. १९३९ मध्ये यानोशने अकादमी सोडली. मार्च १९४४ मध्ये जर्मन सैन्याने देश व्यापला आणि त्यानंतरच्या महिन्यांत हंगेरीतील ज्यू समाजावर जो घाला पडला, त्याचे वर्णन येथे करण्याचे कारण नाही. यानोशला तीन महिने छावणीत काढावे लागले. वयाने लहान असल्यामुळे तो वाचला. तिबोर आणि एदे यांना सक्तमजुरीच्या तुकड्यांत नेण्यात आले, आणि दोघांचीही हत्या झाली. एका घरातल्या तीन वादकांपैकी एक उरला. स्टार्कर यांनी पुढे या विषयाचे भांडवल कधी केले नाही. किंबहुना भावनेचे जाहीर प्रदर्शन त्यांना एकूणच असह्य होई. त्यांच्या वादनाविषयी जो एक आक्षेप नेहमी घेतला जातो, त्याचा विचार करताना ही पार्श्वभूमी नजरेआड करता कामा नये.

युद्ध संपल्यावर एकविशीच्या या तरुणाला बुडापेस्टच्या ऑपेरात आणि फिलहार्मनिक वाद्यवृंदात प्रमुख चेलोवादकाची जागा मिळाली. १९४६ मध्ये त्याने देश सोडला. व्हिएन्नात त्याची मैफल झाली, ती यशस्वी झाली, श्रोते खूश झाले. आणि येथेच तो अनुभव आला ज्याचा आरंभी उल्लेख केला. आपण वाजवतो आहोत, पण कसे वाजवतो आहोत हे आपल्याला ठाऊक नाही, असे त्याला जाणवले. गाणाऱ्या पक्ष्याने एके दिवशी स्वतःला विचारावे की मी गातो ते कसे, आणि त्याला उत्तर सापडू नये, तशी असामान्य बालकांची गत होते, असे ते नंतर सांगत. हात आजवर आपोआप चालले होते. ते आपोआपच चालत राहतील, याची आता खात्री वाटेना. जिनिव्हाच्या स्पर्धेत त्या वर्षी त्याला पहिला क्रमांक मिळाला नाही. मनाचा तोल ढळायची वेळ आली. त्यानंतरचा सुमारे एक वर्षाचा काळ पॅरिसमध्ये गेला, आणि त्या काळात मैफलींपेक्षा अधिक काम त्याने स्वतःलाच तपासण्याचे केले. खांदा केव्हा आवळतो, गज वळताना मनगट काय करते, श्वास कोठे अडतो, लांबच्या स्वराकडे हात निघतो तो नेमका कोणत्या क्षणी, असे एकेक प्रश्न घेऊन त्याने स्वतःचे वादन मुळापासून उलगडले आणि पुन्हा उभारले.

असा प्रसंग अनेक वादकांवर येतो. बहुतेक जण तो लपवतात; काही जण वाद्य खाली ठेवतात. स्टार्कर यांनी त्यातून एक शास्त्र काढले. त्यांच्या अध्यापनाचा उगम या पॅरिसच्या दिवसांत आहे, असे आमचे मत आहे. कारण ज्याला स्वतःचे वादन पुन्हा शिकावे लागले, त्यालाच ते दुसऱ्याला पायरी-पायरीने सांगता येते.

पॅरिसमध्येच, १९४८ च्या सुमारास, त्यांनी कोदाय यांचा एकल चेलोचा सोनाटा ध्वनिमुद्रित केला. १९१५ सालच्या या कृतीविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. बाखच्या सहा सूटनंतर जवळजवळ दोन शतके एकट्या चेलोसाठी तशा तोलामोलाचे काही लिहिले गेले नव्हते. कोदाय यांनी ते साहस केले, आणि त्यासाठी वाद्याच्या खालच्या दोन तारा नेहमीपेक्षा अर्ध्या स्वराने उतरवून लावायला सांगितल्या. त्यामुळे चेलोचा नाद बदलतो, तळाचा स्वर अधिक काळोखा होतो. पण वादकाची मात्र पंचाईत होते, कारण त्या दोन तारांवर बोटे ज्या जागी पडतात तेथे कागदावरचा स्वर उमटत नाही. शिवाय हंगेरीच्या खेड्यांतल्या गाण्यांची वळणे, लोकवाद्यांचे झणत्कार आणि छेडलेल्या तारांचे आवाज हे सारे एकाच माणसाने एकाच वाद्यातून काढायचे. यानोशने पंधराव्या वर्षी, १९३९ मध्ये, ही कृती खुद्द कोदाय यांना वाजवून दाखवली होती. तिसऱ्या भागातली एक संथ होणारी जागा सुधारलीस तर तुझे वादन हे या कृतीचे प्रमाण ठरेल, अशा अर्थाचे काहीतरी ते तेव्हा बोलले. पॅरिसच्या ध्वनिमुद्रणाला १९४८ चे ‘ग्रां प्री द्यु दिस्क’ हे फ्रेंच पारितोषिक मिळाले. अमेरिकेत गेल्यावर १९५० मध्ये त्यांनी ती कृती पुन्हा ध्वनिमुद्रित केली तेव्हा तंत्रज्ञ होते पीटर बार्तोक, म्हणजे बेला बार्तोक यांचे चिरंजीव. अवघड म्हणून बाजूला पडलेली ही रचना आज चेलोच्या प्रत्येक मोठ्या स्पर्धेत ऐकू येते. याचे पुष्कळसे श्रेय या ध्वनिमुद्रणांना आहे.

मघाचा धागा आता हाती घेऊ. १९४८ मध्ये डॅलसच्या वाद्यवृंदात त्यांना प्रमुख चेलोवादक म्हणून बोलावून घेतले ते अंतल दोराती यांनी. पुढच्याच वर्षी ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात गेले. तेथे संचालक होते फ्रिट्झ राइनर, तेही बुडापेस्टच्याच अकादमीतले. १९५३ मध्ये राइनर शिकागो वाद्यवृंदाचे प्रमुख झाले तेव्हा स्टार्कर त्यांच्यासोबत शिकागोला गेले. मायदेशातून उखडलेली ही मंडळी एकमेकांना हात देत एक अख्खी संगीतशाळा अटलांटिकपार नेत होती. राइनर यांचा दरारा असा की त्यांच्या हाताखाली टिकणे हीच परीक्षा समजली जाई. स्टार्कर पाच वर्षे टिकले. एवढे म्हणून वाद्यवृंदाचा अध्याय आम्ही आवरता घेतो.

१९५८ मध्ये त्यांनी शिकागो सोडले आणि इंडियाना राज्याच्या दक्षिण भागातील ब्लूमिंग्टन या लहान गावी प्राध्यापकी पत्करली. आज या निर्णयाचे कोणाला नवल वाटणार नाही. तेव्हा ते वाटले असले पाहिजे. भोवती मक्याची शेते आणि चुनखडीच्या दगडाच्या खाणी. न्यूयॉर्कच्या गगनचुंबी इमारतींना दगड पुरवणारा हा मुलूख संगीतासाठी कोणी ओळखत नव्हते. पण तेथील विद्यापीठाचे अध्यक्ष हर्मन वेल्स आणि संगीतविभागाचे प्रमुख विल्फ्रेड बेन या दोघांनी एक गोष्ट मनावर घेतली होती. महानगरांत मावणार नाही असे संगीताचे शिक्षण आडगावात उभारायचे, आणि त्यासाठी शिक्षक आणायचे ते पट्टीचे वादक. पियानोवादक मेनाहेम प्रेसलर १९५५ मध्येच आले होते. स्टार्कर यांच्यामागोमाग १९६० मध्ये क्लीव्हलंड वाद्यवृंदाचे अग्रणी व्हायोलिनवादक जोसेफ गिंगोल्ड आले. १९६२ मध्ये वाइनर यांचे आणखी एक हंगेरियन शिष्य, पियानोवादक ग्यॉर्ग शेबॉक, आले. शेबॉक आणि स्टार्कर यांची मैत्री आणि साथ जन्मभराची. लहान गावाचा एक फायदा असा की शिक्षक आणि विद्यार्थी दोघांनाही दुसरे कोठे जायचे नसते. ग्वाल्हेर, मिरज, धारवाड यांची नावे ज्यांच्या संगीतस्मृतीत आहेत, त्या आमच्या वाचकांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

त्यांच्या शिकवण्यात नेमके काय होते? पहिली गोष्ट, शक्तीचा उगम. हात, मनगट आणि बोटे यांच्या बळावर मोठा स्वर काढू पाहणारा वादक थकतो आणि जखमीही होतो. स्टार्कर सांगत की शक्ती पाठीच्या मोठ्या स्नायूंतून यावी, दंडातून वाहत हातात उतरावी. बोटांनी ती फक्त पोचवायची. म्हणून धड्याचा आरंभ बहुधा बसण्यापासून होई. शरीराचा तोल कसा आहे, पाय कोठे आहेत, श्वास चालू आहे ना. दुसरी गोष्ट, पूर्वतयारी. डावा हात पट्टीवर वरच्या जागी झेपावतो तेव्हा ती झेप स्वराच्या क्षणी सुरू झाली तर उशीर झालाच. तिची तयारी आधीच्या स्वरातच झाली पाहिजे, आणि श्रोत्याला मात्र ती कळता कामा नये. तिसरी, गजाचा पलट. गज एका दिशेने संपून उलट दिशेने निघतो त्या सांध्यावर स्वर तुटू नये, यासाठी हाताची हालचाल सरळ रेषेतली नसावी, गोलाईची असावी. चौथी, व्हायब्रॅटो, म्हणजे स्वरावर बोट हलवून आणलेला कंप. तो सवयीने सतत करायचा नाही. स्वराला कोणता रंग द्यायचा ते ठरवून योजायचा. डाव्या हाताच्या जागांची पद्धतशीर मांडणी करणारे एक अभ्यासपुस्तकही त्यांनी प्रसिद्ध केले.

या यादीत गूढ असे काहीही नाही, हीच तिची थोरवी आम्हांला वाटते. गुरूने हातचे काही राखून ठेवणे, विद्या खुणेने सांगणे, शिष्याने वर्षानुवर्षे अनुकरणातून ती टिपणे, या पद्धतीने मोठे कलावंत घडले आहेत, हे नाकारता येणार नाही. पण त्या पद्धतीत शिष्य अडला तर ‘तुझ्यात नाही’ एवढेच उत्तर मिळते. स्टार्कर यांच्याकडे ‘का अडलास’ याचे उत्तर मिळे. अर्थात ते गोड शब्दांत मिळेच असे नाही. त्यांचा वर्ग कडक म्हणून प्रसिद्ध होता; एकाचा धडा इतरांनी बसून ऐकायचा, चूक नेमक्या शब्दांत सांगितली जायची, आणि तयारी नसलेल्याची गय नसे. ज्यांचे आयुष्य या व्यवसायात जाणार आहे त्यांना खोट्या स्तुतीने फसवणे त्यांना अनैतिक वाटत असावे.

आता तो आक्षेप. स्टार्कर यांचे वादन थंड आहे, असे पुष्कळांनी म्हटले. मंचावर ते निश्चल बसत. चेहऱ्यावर रेषा हलत नसे, अंग डोलत नसे, डोळे मिटून तल्लीनता दाखवणे तर दूरच. ज्या काळात चेलोवादकाने वाद्याला कवेत घेऊन झुलावे अशी श्रोत्यांची अपेक्षा तयार होत होती, त्या काळात हा ताठ, टकला, करड्या नजरेचा माणूस एखाद्या शल्यचिकित्सकासारखा भासे. आमच्या मते आक्षेपात थोडे तथ्य आहे. त्यांच्या काही ध्वनिमुद्रणांत स्वच्छतेचा अतिरेक जाणवतो. जेथे स्वर जरा फाटला असता तर बरे झाले असते, अशा जागा सापडतात. पण कोदायचा सोनाटा ऐकून कोणी त्यांना थंड म्हणेल असे वाटत नाही. श्रोत्याने भारावून जावे, वादकाने नव्हे, ही त्यांची धारणा होती. आणि ज्याने एकदा, ऐन मैफलीत, आपल्या हातांवरचा विश्वास गमावलेला आहे, तो पुन्हा लहरीवर विसंबून वाजवील ही अपेक्षाच चुकीची. मंचावर न दिसणारी तापट बाजू इतरत्र दिसे. धूम्रपान अफाट, मंचामागे सिगारेट ओढण्यास मनाई केली म्हणून एकदा त्यांनी मैफलच केली नाही. शिस्तीच्या या उपासकाचा हा हट्ट आम्हांला गमतीचा वाटतो, समर्थनीय नव्हे.

वाद्यांच्या बाबतीतही ते चिकित्सक होते. १९५० ते १९६५ या काळात ‘लॉर्ड एल्सफर्ड’ नावाने ओळखला जाणारा स्ट्रॅडिव्हारीचा प्रख्यात चेलो त्यांच्याकडे होता. १९६५ मध्ये त्यांनी व्हेनिसच्या मात्तेओ गोफ्रिलरने १७०५ मध्ये घडवलेला चेलो घेतला आणि अखेरपर्यंत तोच वापरला. अनेक संगीतकारांनी त्यांच्यासाठी नव्या कृती लिहिल्या. त्यांत हॉलिवूडच्या चित्रपटसंगीतासाठी गाजलेले मिक्लोश रोझा होते, तसेच इंडियानातील त्यांचे सहकारी, जॅझचे अध्यापक डेव्हिड बेकर हेही होते. बाखचे सूट त्यांनी अनेकदा ध्वनिमुद्रित केले. त्यांतले शेवटचे संपूर्ण ध्वनिमुद्रण सत्तरीच्या उंबरठ्यावरचे. त्याला १९९८ मध्ये ग्रॅमी पारितोषिक मिळाले. तरुणपणच्या ध्वनिमुद्रणांपेक्षा हे आम्हांला अधिक जवळचे वाटते. वेग थोडा सैल झाला आहे, नृत्याच्या ठेक्यात एक प्रकारचा विसावा आहे.

१९७९ मध्ये त्यांनी ब्लूमिंग्टनला एक चेलोकेंद्र स्थापन केले आणि त्याला स्वतःचे नाव न देता आदल्या वर्षी निवर्तलेल्या सहकारी चेलोवादिका एव्हा यान्झर यांचे दिले. या केंद्रातर्फे जगातील ज्येष्ठ चेलोवादकांचा सन्मान होऊ लागला, वाजवणाऱ्यांइतकाच शिकवणाऱ्यांचाही. शिफर यांच्यासारख्यांना हयातीत जे मिळाले नाही, त्याची ही एक परतफेड होती, असे म्हणता येईल. २००४ मध्ये त्यांचे आत्मचरित्र विद्यापीठानेच प्रसिद्ध केले.

शिष्यांची नावे मोजत बसलो तर पाने पुरणार नाहीत. जर्मनीच्या मारिया क्लीगेल १९८१ मध्ये पॅरिसच्या रोस्त्रोपोविच स्पर्धेत विजयी झाल्या आणि पुढे कोलोनला प्राध्यापक झाल्या. गॅरी हॉफमन यांनी तीच स्पर्धा १९८६ मध्ये जिंकली. फ्रान्सचे मार्क कोपे यांनी १९८८ मध्ये लाइपझिगची बाख स्पर्धा जिंकली. पोर्तो रिकोचे एमिलिओ कोलोन इंडियानातच अध्यापक झाले. यांपैकी कोणाचेही वादन स्टार्कर यांच्या वादनाची नक्कल वाटत नाही, ही गोष्ट मुद्दाम नोंदवावीशी वाटते. पद्धत एक आणि आवाज निराळे.

त्यांच्या अगदी पहिल्या विद्यार्थ्यांत जपानचे त्सुयोशी त्सुत्सुमी होते. १९६१ च्या सुमारास ते टोकियोहून ब्लूमिंग्टनला आले. दोन वर्षांनी, १९६३ मध्ये, पाब्लो कासाल्स यांच्या नावाची आंतरराष्ट्रीय चेलोस्पर्धा भरली ती बुडापेस्टमध्ये. ज्या शहरात पॉपर यांनी वर्ग उघडला, शिफर यांनी तो चालवला, आणि जेथून स्टार्कर सतरा वर्षांपूर्वी निघून गेले होते, तेच हे शहर. कोदाय तेव्हा हयात होते आणि तेथेच राहत होते. स्पर्धेत पहिले आले त्सुत्सुमी. पंचवीस वर्षांनी, १९८८ मध्ये, ते आपल्या गुरूच्याच विभागात शिकवण्यासाठी इंडियानात परतले.